बॉक्स चालू, टीव्ही चालू, तरी ‘नो सिग्नल’: एचडीएमआय नेमकं कुठे अडतं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. केबलचा एचडी बॉक्स, भिंतीवर लावलेला ४३ इंची टीव्ही आणि दोघांमध्ये भिंतीतल्या पाइपातून नेलेली पाच मीटरची एचडीएमआय वायर. लाइट जाऊन परत आली की टीव्हीवर ‘नो सिग्नल’. वायर उपसून पुन्हा खोचली की बहुतेक वेळा चित्र येतं. मधूनच पडदा दोन सेकंद काळा होतो, आणि एकदा तर सगळी माणसं गुलाबी दिसायला लागली. केबलवाला म्हणतो टीव्ही गेलाय, टीव्ही कंपनीचा माणूस म्हणतो बॉक्स खराब आहे, आणि दुकानदार तीन हजारांची सोन्याचा मुलामा दिलेली वायर पुढे करतोय. ती घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता घेऊ नका. वायरीचा दोष नसेलच असं मी घरी न येता सांगू शकत नाही. पाच मीटर लांबी आणि भिंतीतली वळणं पाहता तिच्यावर थोडा संशय आहेच. पण तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची खूण वेगळीच आहे: त्रास लाइट परत आल्यावर सुरू होतो आणि वायर काढून खोचली की मिटतो. तुटलेल्या वायरीला लाइट कधी आली हे कळत नाही. म्हणजे मुख्य दोष दोन यंत्रं कोणत्या क्रमाने जागी होतात यात आहे, आणि वायर फार तर त्याला हातभार लावत असेल. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

आधी एक गोष्ट तपासायची सवय लावून घ्या: पडद्यावरचा संदेश कोण लिहितंय? ‘नो सिग्नल’ टीव्ही स्वतः लिहितो. त्याचा अर्थ एवढाच की निवडलेल्या एचडीएमआय खाचेतून त्याला काहीच मिळत नाहीये. पण बॉक्सच्या कंपनीचं चिन्ह, चॅनेलचा पट्टा, एखादा एरर नंबर किंवा ‘सिग्नल उपलब्ध नाही, केबल ऑपरेटरशी संपर्क साधा’ असं काही दिसत असेल, तर ते बॉक्सने लिहिलंय आणि एचडीएमआयमधूनच तुमच्यापर्यंत आलंय. तेव्हा एचडीएमआय ठणठणीत आहे. बिघाड केबलवाल्याकडून बॉक्सच्या मागे येणाऱ्या काळ्या केबलमध्ये, तिच्या कनेक्टरमध्ये किंवा रिचार्जमध्ये आहे. हा फरक न केल्यामुळे लोक भलत्याच माणसाला फोन करतात. शंका असेल तर बॉक्सच्या रिमोटवर मेन्यूचं बटण दाबा. मेन्यू दिसला की एचडीएमआयला त्या क्षणापुरतं निर्दोष समजायचं.

चित्र बिघडतं कसं, यावरूनही हेच कळतं. चित्रात चौकोन-चौकोन पडणं, तोंडं अर्धी गोठणं, आवाजात चिवचिव होणं हा केबलच्या सिग्नलचा दोष. तिथे चित्र दाबून, आकुंचित करून पाठवलेलं असतं; त्यातला तुकडा हरवला की अख्खा चौकोन बिघडतो. बॉक्स ते उलगडतो आणि एचडीएमआयमधून पूर्ण उलगडलेलं चित्र ठिपक्या-ठिपक्याने पाठवतो. त्यामुळे एचडीएमआय कमकुवत झालं की चौकोन पडत नाहीत. चमकणारे बारीक ठिपके येतात, आडव्या रेघा मारतात, किंवा चित्र आणि आवाज दोन्ही एकदम जाऊन एकदम परत येतात. परत येताना टीव्ही कोपऱ्यात ‘एचडीएमआय १, १९२०×१०८०’ अशी पाटी दाखवतो. तुमचे दोन सेकंद या दुसऱ्या प्रकारचे वाटतात. पुढच्या वेळी ती पाटी येते का, तेवढं बघा.

आता वायर उपसून खोचल्याने का बरं वाटतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ ला केबलसाठी बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हा घराघरांत लाल-पांढरी-पिवळी अशी तीन पिनांची वायर लागली. ती एकतर्फी होती. बॉक्स चित्र फेकायचा, टीव्ही घेतला तर घेतला, आणि टीव्ही बंद आहे की चालू याची बॉक्सला फिकीर नसायची. म्हणून ती सहसा रुसायची नाही. एचडीएमआय दुतर्फी आहे. चित्राच्या आधी बॉक्स आणि टीव्हीमध्ये बोलणं होतं, ते पूर्ण झालं तरच चित्र सुटतं. पूर्वी मनीऑर्डर घेऊन आलेला पोस्टमन कडी वाजवायचा, नाव विचारायचा, सही घ्यायचा आणि मगच पैसे हातावर ठेवायचा. तसे इथेही तीन टप्पे आहेत.

एचडीएमआयच्या कनेक्टरमध्ये १९ पिना असतात. चित्र आणि आवाज त्यातल्या पहिल्या बारांतून जातात. बोलणं उरलेल्यांपैकी चार-पाच पिनांवर होतं, आणि अनुभव असा की गडबड बहुतेक वेळा तिथेच असते. पहिला टप्पा: बॉक्स १८ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट पाठवतो. टीव्हीला ते मिळाले आणि तो तयार असला, की तो १९ नंबरच्या पिनेवर होकार देतो. हा होकार टीव्ही बहुधा त्याच ५ व्होल्टमधून परत पाठवतो, म्हणून बॉक्सचे ५ व्होल्ट मेले तर टीव्हीला समोर कोणी आहे हेच कळत नाही. दुसरा टप्पा: होकार मिळाल्यावर बॉक्स १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून टीव्हीची माहिती वाचतो. टीव्हीचं नाव, त्याला चालणारी रिझोल्यूशन्स (चित्रात किती ठिपके, ते), चालणारे आवाजाचे प्रकार हे सगळं जेमतेम २५६ बाइट्सच्या एका तक्त्यात असतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. तिसरा टप्पा कॉपी-संरक्षणाचा, म्हणजे एचडीसीपी. समोरचा खरंच परवाना असलेला टीव्ही आहे, रेकॉर्ड करणारं भलतं यंत्र नाही, याची खात्री बॉक्स करून घेतो. ती पटली की चित्र कुलूपबंद होऊन सुटतं.

तुमच्याकडे लाइट परत येते तेव्हा काय होत असावं? बॉक्सला वीज मिळताच बॉक्स आपणहून चालू होतो. टीव्ही मात्र स्टँडबायमध्ये पडून राहतो, तुम्ही रिमोट दाबेपर्यंत. बरेच टीव्ही स्टँडबायमध्ये तो होकार देत नाहीत, किंवा चालू होताना मधल्या काही सेकंदांत तो देतात आणि काढून घेतात. चांगला बॉक्स वाट बघतो आणि होकार आला की पुन्हा पहिल्यापासून बोलणं सुरू करतो. सगळ्याच बॉक्सचं सॉफ्टवेअर इतकं सोशिक नसतं. काही बॉक्स सुरुवातीला एकदा विचारतात, उत्तर आलं नाही तर एचडीएमआय बंद करून बसतात. तुम्ही वायर उपसता तेव्हा १९ नंबरची रेषा खाली जाते, खोचता तेव्हा वर येते. बॉक्सला वाटतं नवा टीव्ही आला, आणि बोलणं नव्याने होतं. वायर तीच, बॉक्स तोच, टीव्ही तोच. म्हणून केबलवाला येतो तेव्हा सगळं चालू दिसतं आणि तो तुमच्याकडे संशयाने बघतो.

गुलाबी माणसांचंही कारण बहुधा हेच. बॉक्स रंग एका पद्धतीने पाठवतो आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीने समजून घेतो, तेव्हा चित्र गुलाबी-हिरवं होतं. माहितीचा तक्ता अर्धवट वाचला गेला की असं घडतं, आणि बऱ्याचदा त्याच वेळी आवाजही जातो. एकदाच झालं आणि पुन्हा चालू केल्यावर गेलं, तर ते बोलण्यातलं. रोज, कायम आणि एकाच रंगाची छटा असेल, तर वायरीतली किंवा खाचेतली एखादी पिन गेली असं समजायचं.

दोन सेकंदांच्या काळ्या पडद्याचं मात्र वेगळं आहे. तिसऱ्या टप्प्यातली ओळख एकदा पटवून संपत नाही. चित्र चालू असताना दर काही सेकंदांनी ती पुन्हा तपासली जाते. एखाद्या तपासणीत उत्तर चुकलं की बॉक्स चित्र थांबवतो, ओळख नव्याने पटवतो आणि पुढे सुरू करतो. तेवढ्यात पडदा काळा. उत्तर चुकायचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: लांब वायर, सैल पिन, दमट हवेने गंजलेले संपर्क, नाहीतर बॉक्सचा दमलेला अ‍ॅडॉप्टर. म्हणजे इथे तुमच्या पाच मीटरच्या वायरीवर संशय घ्यायला जागा आहे.

आता करायचं काय. एका वेळी एकच गोष्ट बदला. लोक एकाच संध्याकाळी वायर, खाच, सेटिंग सगळं बदलतात, चित्र येतं, आणि कशामुळे आलं ते कळत नाही. आठवड्याने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सुरुवात चालू करण्याच्या क्रमापासून करा. दोन्ही यंत्रं रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या स्विचने बंद करा. बॉक्सचं रिमोटवरचं लाल बटण त्याला फक्त झोपवतं, आतला गोंधळ तसाच राहतो. मिनिटभर थांबा. मग टीव्ही चालू करा, बरोबर एचडीएमआय खाच निवडा, ‘नो सिग्नल’ दिसू द्या. त्यानंतर बॉक्सचा स्विच चालू करा. लाइट जाईल तेव्हा पुढचे आठ-दहा दिवस एवढंच करा. प्रत्येक वेळी चित्र आलं, तर तुमचा ‘नो सिग्नल’ केवळ क्रमाचा आहे हे पक्कं, आणि त्यासाठी नवी वायर घेऊन काही होणार नाही. कायमचा उपाय म्हणून बॉक्सचा स्विच टीव्हीनंतर चालू करायची सवय लावा. घरातल्या सगळ्यांना हे लक्षात ठेवायला सांगणं कठीण आहे, हे मान्य. स्विचवर चिकटपट्टी लावून ‘आधी टीव्ही’ असं लिहिणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं बरं चाललंय.

इनव्हर्टर असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा. टीव्हीचा पॉइंट इनव्हर्टरवर आणि बॉक्सचा नाही, किंवा नेमकं उलट, अशी वायरिंग आपल्याकडे खूप घरांत असते, कारण इलेक्ट्रिशियनने पॉइंट वाटले तेव्हा बॉक्स कुठे ठेवणार हे ठरलेलंच नव्हतं. मग लाइट गेली की एक जागा राहतो, दुसरा पडतो, आणि परत आल्यावर बोलणं अर्ध्यातून सुरू होतं. दोघांनाही एकाच पॉइंटवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. एवढ्याने सुटलेल्या तक्रारी थोड्याथोडक्या नाहीत.

मग वायरीची परीक्षा. शेजाऱ्याकडून, नाहीतर घरातल्या गेम-कन्सोलची, दीड मीटरची साधी वायर आणा. बॉक्स उचलून टीव्हीखाली स्टुलावर ठेवा आणि भिंतीतली वायर बाजूला ठेवून ही थेट जोडा. काळ्या केबलची लांबी पुरत नसेल तरी अडत नाही. केबल नसली तरी बॉक्सचा मेन्यू दिसतो, आणि मेन्यूच तासभर पडद्यावर ठेवून दोन सेकंदांचा काळोख येतो का ते बघायचं. मेन्यू काही वेळाने आपोआप जात असेल तर बॉक्सचा ‘सिग्नल नाही’ हा संदेशही चालेल. आपल्याला बॉक्सने काढलेलं कोणतंही चित्र पुरे. छोट्या वायरीवर काळोख गेला, तर गुन्हेगार भिंतीत आहे.

भिंतीत असेल तरी लगेच भिंत फोडू नका. आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन बघा. ‘ऑटो’ किंवा १०८०पी (दर वेळी पूर्ण चित्र) असेल तर १०८०आय (एका वेळी एक सोडून एक ओळ, म्हणजे अर्धं चित्र) करा. नंबर तोच राहिला तरी वायरीवरचा भार निम्मा होतो: १०८०पीला सेकंदाला सुमारे ४.५ गीगाबिट पाठवावे लागतात, १०८०आयला सव्वादोनच्या आसपास. आणि चित्राचं नुकसान? आपल्याकडचे बहुतेक एचडी चॅनेल मुळात १०८०आयमध्येच येतात. त्याचं १०८०पी बॉक्सने करायचं की टीव्हीने, एवढाच प्रश्न उरतो, आणि आजकालचे टीव्ही ते काम बॉक्सपेक्षा चांगलं करतात. लांब वायर असलेल्या घरी मी हे सेटिंग आधीच करून येतो. ७२०पीचाही भार १०८०आयएवढाच असतो, त्यामुळे वायरीसाठी तिकडे जाण्यात फायदा नाही.

सेटिंग बदलताना पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. बॉक्स बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदांत आपणहून जुन्या सेटिंगवर येतो. न आला तर जुनी लाल-पांढरी-पिवळी वायर जोडा. तिच्यावर बोलणी नसतात, त्यामुळे चित्र येतं, आणि तिथून मेन्यूत जाऊन सेटिंग दुरुस्त करता येतं. ही वायर फेकून देऊ नका, असं मी प्रत्येक घरी सांगतो आणि प्रत्येक घरी ती आधीच भंगारात गेलेली असते.

टीव्हीच्या बाजूनेही दोन सेटिंगं बघण्यासारखी आहेत. एक म्हणजे सीईसी, ज्यामुळे एका रिमोटवर दोन्ही यंत्रं चालतात. सॅमसंगमध्ये त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. सोय चांगली, पण केबलच्या बॉक्सशी तिचं नेहमीच जमतं असं नाही. तपासणीपुरती बंद ठेवा. दुसरं म्हणजे त्या खाचेचं ४के साठीचं वाढीव सेटिंग. सोनीत ते ‘सिग्नल फॉरमॅट’ खाली ‘एन्हान्स्ड’ असं असतं, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’. ते चालू केलं की टीव्ही आपल्या तक्त्यात मोठमोठी रिझोल्यूशन्स जाहीर करतो आणि एखादा जुना बॉक्स ते वाचून गोंधळतो. तुमच्या बॉक्सला त्याचा काही उपयोग नाही. त्या खाचेपुरतं साधं ठेवा. एआरसी लिहिलेली खाच साउंडबारसाठी मोकळी ठेवा, बॉक्सला दुसरी द्या.

तुम्ही वायरीबद्दलच विचारलं होतं, तर त्याचंही बोलू. दीड-दोन मीटरला १०८०च्या कामासाठी अडीचशे रुपयांची वायर आणि अडीच हजारांची वायर यांत चित्राच्या दर्जाचा फरक नाही. चित्र आकड्यांत जातं. आकडे पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत, मधलं ‘जास्त ठसठशीत’ असं काही नसतं. सोन्याच्या मुलाम्याचा एकच फायदा: कोकणासारख्या दमट हवेत संपर्क कमी गंजतात. पण स्वस्त वायरींच्या टोकावरही तो पातळ थर असतोच. पाच मीटर आणि पुढे मात्र तांब्याची जाडी आणि जोडणीचा नीटपणा महत्त्वाचा ठरतो. ‘व्हर्जन २.१’ अशी छपाई बघून वायर घेऊ नका. व्हर्जनचे आकडे यंत्रांसाठी असतात. वायरींचे वर्ग वेगळे आहेत: स्टँडर्ड, हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड. पाकिटावर क्यूआर कोडचं प्रमाणपत्राचं लेबल असलेली प्रीमियम हाय स्पीड वायर तुम्हाला आज आणि उद्याच्या ४के बॉक्सलाही पुरते. आणि भिंतीतून नेणार असाल तर किंमतीपेक्षा पाइपाचं वळण बघा. काटकोनी एल्बोतून जोर लावून ओढलेली महागडी वायरसुद्धा आत तुटते. आठ-दहा मीटरच्या पुढे जायचं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे प्रकाशावर चालणारी वायर बरी. पण तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी ओढून भिंत बंद केली की पुढचं तुम्ही समजू शकता.

आता एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे. वायर उपसून खोचण्याचा तुमचा जो उपाय आहे, तो आजपासून बंद करा. निदान दोन्ही यंत्रं चालू असताना तरी करू नका.

कारण असं. बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचा, त्याला अर्थिंग नाही. टीव्हीचा प्लगही बऱ्याचदा दोन पिनांचा. अशा यंत्रांच्या धातूच्या भागावर थोडी गळतीची वीज तरंगत असते. मल्टीमीटर लावला तर ऐंशी-शंभर व्होल्टसुद्धा दिसतात. त्यामागचा करंट मिलीअँपिअरच्याही खाली असतो, म्हणून माणसाला फक्त मुंग्या येतात. बॉक्सच्या मागे केबलचा कनेक्टर फिरवताना कधी चुणचुण लागली असेल, ती हीच. त्यात काळी केबल इमारतीच्या बाहेरून, गच्चीवरून, कधी दुसऱ्या इमारतीतल्या अँप्लिफायरवरून आलेली. तिच्या बाहेरच्या जाळीची पातळी तुमच्या टीव्हीच्या पातळीशी जुळेलच असं नाही. तुम्ही एचडीएमआयची पिन खोचता त्या क्षणी हा फरक तिथून मिटायला बघतो. कनेक्टरचं बाहेरचं कवच आधी टेकावं अशी रचना आहे, पण भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे हात घालून चाचपडत, तिरकी पिन खोचताना ती शिस्त पाळली जात नाही. बारीक ठिणगी पडते आणि एचडीएमआयची आयसी, म्हणजे चिप, जाते. ती आयसी ५ व्होल्टच्या आतबाहेरच्या कामासाठी बनलेली असते. रोज काढून-घालून आधी एक खाच जाते, मग लोक दुसरी वापरायला लागतात, मग तीही जाते. शिवाय भिंतीवरच्या टीव्हीत वायर बाजूने ओढली जाते आणि खाचेची सोल्डरिंग सैल होते. हा कनेक्टर दहा हजार वेळा काढा-घालायच्या हिशेबाने बनवलेला आहे खरा, पण सरळ.

तेच काम स्विच करतो. बॉक्सची वीज दहा सेकंद बंद करून चालू केली की बोलणं नव्याने होतंच. वायर हलवायचीच असेल तर आधी दोन्ही प्लग भिंतीतून काढा, मग काळी केबल बॉक्समधून सोडवा, आणि सगळ्यात शेवटी एचडीएमआयला हात लावा. जोडताना उलटा क्रम. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर काळी केबलही काढून ठेवा. नुसता स्विच बंद करणाऱ्यांचे टीव्ही मी मे महिन्याच्या अखेरीस हमखास बघतो: वीजपुरवठ्याची बाजू शाबूत, एचडीएमआयची बाजू जळलेली. झटका केबलवरून बॉक्समध्ये आणि बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत गेलेला असतो. घरातल्या थ्री-पिन पॉइंटला खरोखर अर्थिंग आहे का, हेही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या चाळींत आणि बऱ्याच सोसायट्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

अ‍ॅडॉप्टरचं वर ओझरतं म्हटलं, ते पूर्ण करतो. बॉक्स तीन-चार वर्षं दिवसरात्र चालू असेल तर अ‍ॅडॉप्टरमधला कपॅसिटर दमतो. बॉक्सवर दिवे लागतात, मेन्यूही येतो, पण मधेच बॉक्स अडखळतो आणि १८ नंबरचे ५ व्होल्टही डळमळतात. बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असेल तर बॉक्स चालू असताना मल्टीमीटरवर साडेअकराच्या खाली येता कामा नये. नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त असले तरी चालतात. बहुतेक केबलवाले हा बदलून देतात.

तुमच्याशी थेट संबंध नसलेलं, पण शेजारीपाजारी विचारतील असं थोडंसं. चित्र आहे पण आवाज नाही, तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी पीसीएम किंवा स्टीरिओ निवडा. एका बॉक्सवर दोन टीव्ही चालवणारा स्प्लिटर मध्ये असेल तर तपासणीच्या वेळी तो आधी बाजूला काढा. दोन टीव्हींचे दोन तक्ते आणि एक बॉक्स, तिथे भांडण ठरलेलंच. साउंडबारमधून वायर फिरवली असेल तर तोही. ४के बॉक्स जुन्या टीव्हीला जोडून संरक्षणाचा एरर येत असेल, तर टीव्हीची ती खाच एचडीसीपी २.२ जाणते का ते बघा. काही टीव्हींत एकच खाच जाणते.

शेवटी भांडणाचं. केबलवाल्याला आणि टीव्हीवाल्याला एकमेकांवर ढकलू द्यायचं नसेल तर दोन चाचण्या तुम्हीच करून ठेवा. टीव्हीच्या त्याच खाचेत लॅपटॉप छोट्या वायरीने जोडा आणि अर्धा तास व्हिडिओ लावा. आणि तुमचा बॉक्स शेजाऱ्याच्या टीव्हीवर लावून बघा. लॅपटॉप नीट चालला आणि बॉक्स शेजारीही अडखळला, तर केबलवाल्याने बॉक्स बदलून द्यायला हवा. बॉक्स बहुतेक वेळा त्याचाच असतो. लॅपटॉपही त्याच खाचेत अडखळला पण दुसऱ्या खाचेत चालला, तर ती खाच गेली आहे. टीव्ही वॉरंटीत असेल तर तेवढंच मोजकं सांगून तक्रार नोंदवा. वॉरंटी संपली असेल आणि दुसरी खाच चालत असेल, तर मेन बोर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका, चालणारी वापरा. दोन्ही वेगवेगळे नीट चालतात आणि एकत्रच रुसतात असं निघालं, तर दोष दोघांपैकी एकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. टीव्हीचं अपडेट करून बघा, आणि केबलवाल्याला दुसऱ्या मॉडेलचा बॉक्स मागा. त्याच मॉडेलचा दुसरा नग आणून काही फरक पडायचा नाही. जे घडतं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. माणूस येतो तेव्हा सगळं नेमकं नीट चालतं, हे तुम्ही अनुभवलं आहेच.

आज फक्त क्रम आणि इनव्हर्टरचा पॉइंट एवढंच बघा. छोट्या वायरीची चाचणी रविवारी करा. मग दोन गोष्टी मला कळवा: काळोखानंतर कोपऱ्यातल्या पाटीत रिझोल्यूशन काय येतं, आणि छोट्या वायरीवर मेन्यू तासभर न अडखळता टिकला का. त्यावरून वायर घ्यायची की बॉक्स बदलून मागायचा ते सांगता येईल.